‘गोयांच्या कोर्टात गेलीस तर पाप लागेल,’ असं दादा म्हणतो

ठाण्याहून एका बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या) भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश देते. अलिबागजवळच्या गावी वडिलांचं घर आणि माडा-सुपारीची वाडी आहे. आई आधीच गेली, वडील मृत्युपत्र न करता गेले. मागे दोन भाऊ आणि ही एक बहीण. थोरला भाऊ बरीच वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला आहे, शब्बाथ कसोशीनं पाळतो. धाकटा मुंबईत. आता वाडीला गिऱ्हाईक आलंय, भावही चांगला मिळतोय. भावांचं म्हणणं, बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करावी, तिला ‘प्रेमानं काहीतरी’ देऊ. ती म्हणाली, मग मी अलिबागच्या कोर्टात वाटणीचा दावा लावते. त्यावर थोरल्याचा फोन: ‘गोयांच्या (बिगर-यहुदींच्या) कोर्टात जाणं हलाखात (यहुदी धर्मनियमांत) निषिद्ध आहे. वाद असेल तर बेथ दीनपुढे (रब्बींच्या न्यायमंडळापुढे) चल. आणि तोराप्रमाणे मुलगे असताना मुलीला वाटा नसतो, हेही लक्षात ठेव.’ ती विचारते, ‘मी धर्म मोडतेय का? मोडायचा नसेल तर वाटा सोडावाच लागेल का?’

ताई, शालोम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. दादा म्हणतात तो निषेध खरा आहे, आणि कडक आहे. ‘हल्ली असलं कोण पाळतं’ असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी सांगणार नाही, कारण तुम्ही पाळता म्हणूनच हा प्रश्न पडलाय.

तोरा म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, त्यातल्या निर्गमच्या 21व्या अध्यायाचं पहिलंच वाक्य आहे: हे न्यायनियम तू त्यांच्यापुढे ठेव. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या गित्तीन भागात रब्बी तारफोन यांचं म्हणणं येतं, की परक्यांचे कायदे इस्राएलच्या कायद्यांसारखेच असले तरी त्यांच्या न्यायसभेकडे जायचं नाही; ‘त्यांच्यापुढे’ म्हणजे आपल्या न्यायाधीशांपुढे. बाराव्या शतकात रामबाम (मैमोनिदेस) या धर्मशास्त्रकारांनी तर अशा माणसाला दुष्ट म्हटलंय, त्यानं जणू मोशेच्या तोरावरच हात उगारला. सोळाव्या शतकात सफेदला योसेफ कारो यांनी शुलखान आरूख हा हलाखाचा संग्रह लिहिला, त्यातल्या खोशेन मिश्पात या भागाचं 26वं प्रकरण याच विषयावर आहे. दोन्ही पक्ष राजी असले तरीही परक्या कोर्टात जायचं नाही, इतकं ते स्पष्ट आहे. आजची कोर्टं कुठल्या देवाच्या नावानं चालत नाहीत, मग हा नियम त्यांना कसा लागू, असं काहींना वाटतं. बहुतेक रब्बी मात्र लागू आहे असंच मानतात. त्यांचा आक्षेप मूर्तींपेक्षा एका गोष्टीला जास्त आहे: तोराची न्यायव्यवस्था हाताशी असताना ती बाजूला सारणं.

पण दादांनी प्रकरण अर्धंच वाचलेलं दिसतं. त्याच 26व्या प्रकरणात पुढे (आणि रामबामकडेही त्याच परिच्छेदात) हेही आहे, की समोरचा दांडगा असेल आणि आपल्या न्यायाधीशांना जुमानत नसेल, तर आधी त्याला बेथ दीनपुढे बोलवायचं. आला नाही, तर बेथ दीनची परवानगी घेऊन सरकारी कोर्टातून आपलं धन सोडवायचं. या परवानगीला हेतेर म्हणतात. आधी बोलावणं धाडायचं, सहसा तीनदा. तरी समोरचा आला नाही, किंवा येतो-येतो म्हणून टोलवत राहिला, तर त्यानं नकार दिल्याची लेखी नोंद होते, तिला सिरूव म्हणतात, आणि मग हेतेर मिळतो. असा हेतेर घेऊन कोर्टाची पायरी चढणारी बाई हलाखा मोडत नाही, हलाखानं आखून दिलेल्या वाटेनंच ती तिथवर आलेली असते.

म्हणजे ‘कोर्टात जाऊ नकोस’ एवढ्यावर दादांची जबाबदारी संपत नाही. हे वाक्य तोंडातून निघालं की ‘मग मी कुठे, कोणापुढे, कधी येतोय’ हे सांगण्याचं ओझंही त्यांच्यावर येतं. तुमच्या पत्रात त्यांनी कुठल्या दयानचं (बेथ दीनच्या न्यायाधीशाचं) नाव घेतल्याचं नाही, तारीख दिल्याचं नाही. तेव्हा भांडू नका, रागावू नका, त्यांचं म्हणणं मान्य करा. लिहून कळवा: ‘दादा, मी बेथ दीनपुढे यायला तयार आहे. नावं सुचव.’ त्यांच्या निष्ठेची मला शंका नाही. पण निष्ठा आणि सोय एकाच घरात राहतात, आणि उत्तर किती दिवसांत येतं यावरून दार कोणी उघडलं ते कळतं.

आता दुसरा प्रश्न. दादांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधल्यात. वाद कोणापुढे न्यायचा हा एक प्रश्न. वाटणी कुठल्या नियमानं करायची हा दुसरा. पहिल्याचं ‘बेथ दीनपुढे’ हे उत्तर मान्य केलं म्हणजे दुसऱ्याचं ‘मुलीला काही नाही’ हे आपोआप मान्य केलं, असं होत नाही.

इथेही आधी दादांची बाजू प्रामाणिकपणे मांडते. गणनाच्या 27व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात आणि त्यांना तो मिळतो, पण त्यांना भाऊ नव्हता म्हणून. मुलगे असतील तर वारसा मुलग्यांचा. तेराव्या शतकात बार्सिलोनाच्या रश्बा या रब्बींपुढे पर्पिन्याँचा असा खटला आला होता, की एक जण राज्याच्या कायद्यावर बोट ठेवून, हलाखानं मिळाली नसती अशी रक्कम मागत होता. ‘दीना दे-मलखुता दीना’, राज्याचा कायदा तो कायदा, हे तिसऱ्या शतकातल्या शमुएल या तालमूदातल्या पंडितांचं वचन तेव्हाही होतंच. पण या वचनाच्या आडून तोराचे वारसानियम उखडता येणार नाहीत, असं रश्बांनी फार तिखट शब्दांत सुनावलं. दादांना आधार हवाच असेल तर तो मिळेल.

पण मग तोरा पूर्णच लावायची. अनुवादच्या 21व्या अध्यायात ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा आहे. दोन भाऊ म्हणजे तीन हिस्से: दोन थोरल्याचे, एक धाकट्याचा. इकडे 1925चा भारतीय वारसा कायदा, जो आपल्या यहुदी समाजाला लागू आहे, मृत्युपत्र नसेल आणि आई-वडील दोघेही गेले असतील तर तिन्ही मुलांना सारखा, एक तृतीयांश वाटा देतो. आता धाकट्या भावाकडे बघा. तोरानं एक तृतीयांश, सरकारी कायद्यानंही एक तृतीयांश! तुमचा वाटा गेला तर तो सगळाच्या सगळा दादांकडे जातो, धाकट्याच्या ताटात एक शीतही वाढत नाही. हे त्याला कोणी समजावलंय का? की दोघांत अर्धं-अर्धं ठरलंय? तसं असेल तर दादांनी ज्येष्ठत्वाच्या बाबतीत तोरा आधीच बाजूला ठेवलीय आणि फक्त बहिणीच्या बाबतीत हातात घेतलीय. हा प्रश्न धाकट्याला एकट्याला गाठून, चहा पिताना विचारा. फोनवर नको.

शिवाय हलाखा तिथेच गोठून राहिलेली नाही. मध्ययुगात जर्मनी-पोलंडकडच्या यहुदी बापांनी मुलींसाठी एक दस्त काढला, ‘अर्ध्या पुत्राचा’ दस्त म्हणतात त्याला. बाप मुलीच्या नावे भलंमोठं कर्ज लिहून ठेवायचा आणि अट घालायचा, की मुलग्यांनी तिला एका मुलग्याच्या निम्मा वाटा दिला तर ते कर्ज फिटलं. रब्बींनी असे दस्त मान्य केले. तुमच्या वडिलांनी असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला त्याचा थेट उपयोग नाही. पण मुलीला काही देणं म्हणजे तोराचा अवमान, असं कुणी म्हणालं तर हा इतिहास माहीत असू द्या. ज्या वाचकांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी मात्र आजच उठावं. मृत्युपत्र करून घ्यावं, आणि ते हलाखातही टिकावं म्हणून जिवंतपणीच्या बक्षिसाचं कलम कसं घालायचं ते जाणत्या रब्बीला विचारावं. दोन्हीकडे टिकणारं एक कागदपत्र घरात असतं, तर मला हे पत्र आलं नसतं.

ताई, आता थोडं तुमच्याबद्दल. पत्रातून असं दिसतं, की कोर्ट म्हणजे जिंकणं आणि बेथ दीन म्हणजे हरणं, हे तुम्ही धरून चालला आहात. दोन्ही तपासून बघा.

वाटणीचे दावे मी जवळून पाहिलेत, वकिलीत आयुष्य गेलं. वाटा ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होईपर्यंत वर्षं जातात. मग प्रत्यक्ष सरस-निरस वाटणी. जमीन शेतसाऱ्याची असेल तर ती कलेक्टरकडून होते, म्हणजे आणखी एक कचेरी, आणखी मोजणी. मग अपील. तोवर माडांवर चढायला माणूस ठेवणार कोण? एक तृतीयांश तुमचाच, पण हातात पडेपर्यंत तुमचं वय काय असेल याचा हिशेब वकील देत नाहीत.

आणि बेथ दीन म्हणजे दादांच्या ओळखीचे दाढीवाले तीन जण, असंही नाही. मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेच्या सन्हेद्रीन भागात रीत दिलीय: एका पक्षानं एक निवडायचा, दुसऱ्यानं एक, आणि तिसरा दोघांच्या संमतीनं घ्यायचा. एक तुमचा असतो! बाईनं फिर्यादी म्हणून उभं राहायला आडकाठी नाही. तालमूद आणि शुलखान आरूख दोन्ही सांगतात, की निवाड्यापेक्षा तडजोड श्रेष्ठ, आणि दयाननं सुरुवातीलाच विचारायचं: तुम्हाला काटेकोर न्याय हवा की तडजोड? तुमची सगळी मदार या एका प्रश्नावर आहे. बेथ दीनपुढे बसण्याआधी दोन्ही पक्ष लवादनाम्यावर सही करतात. ‘न्यायानं किंवा तडजोडीनं’ निकाल द्यायचा अधिकार दयानीमला (दयानांना) आहे, असं त्यात लिहून घ्या. अनेक बेथ दीनच्या छापील नमुन्यात हे कलम असतंच. आणखी पुढे जाऊन, तिघांनी मिळून ‘तिघांचा वाटा समान धरून मांडणी करावी’ असं आधीच लिहून दिलं तर उत्तमच. पैशाच्या व्यवहारात माणसं आपसांत जे कबूल करतात, त्याला हलाखा खूप वाव देते. दादा ‘न्यायानंच, तडजोड नाही’ यावर अडून बसले तर मात्र सही करू नका. आधी तुमच्या बाजूच्या, दादांच्या गोतावळ्याबाहेरच्या दयानचा सल्ला घ्या. त्याच्यापुढे एक मुद्दा जरूर ठेवा: 1865च्या आणि पुढे 1925च्या वारसा कायद्यानं आपली कुटुंबं कित्येक पिढ्या वाटण्या करत आली आहेत, या वहिवाटीला काही वजन आहे का? मी दयान नाही, याचं उत्तर तो देईल.

मुंबईत दारावर पाटी लावून बसणारं कायमचं बेथ दीन आपल्याकडे कधी रुजलं नाही, म्हणून दादा म्हणतील, इस्राएललाच ये. घाई नको. शुलखान आरूखमध्येच सोय आहे, की जाणते न्यायाधीश नसलेल्या गावानं आपल्यातले भले, शहाणे लोक नेमावेत, म्हणजे लोकांना परक्या कोर्टात जावं लागणार नाही. आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी वेगळं काय केलं? मुकादम, काझी, चौगुले मशिदीत (आपल्या प्रार्थनामंदिराला आपण असंच म्हणायचो) बसायचे आणि जमातीतले तंटे तिथेच मिटायचे. तेव्हा एक जाणता रब्बी, गरज पडली तर व्हिडिओवरून, आणि दोन समाजातले निःस्पृह लोक, असं मंडळ मुंबईतच बसू शकतं.

मुंबईतच, असं म्हणण्यामागे कायद्याचंही कारण आहे. जमीन रायगड जिल्ह्यात आहे. अश्दोदमधला निवाडा इथे अमलात आणायला निघालात तर नवीच कटकट. लवाद भारतात, 1996च्या लवाद कायद्याखाली झाला आणि निवाडा लेखी, सहीनिशी दिला, तर त्याची अंमलबजावणी दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी होते. मात्र स्थावराची वाटणी करणाऱ्या निवाड्याला मुद्रांक लागतो आणि तो नोंदवावाही लागतो. भले लोक प्रेमानं निवाडा करतात आणि इथेच घसरतात. लवादनाम्याचा मसुदा दिवाणी वकिलाकडून तपासून घ्या. दादा भारतात येणार नसतील तर त्यांचं कुलमुखत्यारपत्र रीतसर साक्षांकित होऊन यायला हवं.

हे सगळं होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. वारस म्हणून नाव लावणं हा खटला नव्हे. सातबारा आणि 8-अ आजच काढा, घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका किंवा ग्रामपंचायतीचा उतारा बघा. वडिलांनंतरच्या फेरफारात तुमचं नाव आहे का? नसेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या. गिऱ्हाइकाच्या वकिलानं पेपरात जाहीर नोटीस दिली असेल तर लेखी हरकत कळवा. यातलं काहीही अर्काओत, म्हणजे परक्या कोर्टात दाद मागणं, नाही. सरकारदरबारी नोंदलेले दस्त चालतात, हे मिश्नाच्या काळापासून मान्य आहे. दादासुद्धा खरेदीखत सब-रजिस्ट्रारकडेच नोंदवणार आहेत की! आणि तुम्हाला वगळून विक्री होतेय अशी कुणकुण लागली, तर स्थिती आहे तशी राखण्यापुरता कोर्टाचा मनाई हुकूम घ्यायला अनेक पोस्कीम (हलाखाचा निर्णय देणारे रब्बी) परवानगी देतात, पुढचा निवाडा बेथ दीनकडे ठेवायच्या अटीवर. याबद्दल रब्बीशी आताच बोलून ठेवा, ऐन वेळी शब्बाथ येतो. मुदतीचा कायदाही वकिलाकडून समजून घ्या. ताबा कोणाकडे, किती वर्षं, ‘तुझा हक्क नाही’ असं तुम्हाला कधी सांगितलं, या तारखांना तिथे किंमत असते.

हक्कसोडपत्रावर सही मात्र करू नका. ‘आधी सही कर, मग बेथ दीनला जाऊ’ याला हसून नाही म्हणा.

इस्राएलमधल्या लोद, रामले, बेर शेवा, दिमोनाहून हे सदर वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण तुमचं गणित निराळं आहे. तिथलं दिवाणी कोर्ट यहुदी न्यायाधीशांचं, तरी ते अर्काओतच का? खझोन ईश या रब्बींसारख्यांनी ते उलट अधिक गंभीर मानलं, रब्बी ओवादिया योसेफ यांनीही तिथे दाद मागू नये असंच लिहिलं. वेगळं मत असणारेही आहेत. सरकारी रब्बीनी कोर्टात मात्र पैशाचे वाद संमतीनंसुद्धा लवाद म्हणून चालवता येणार नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2006मध्ये दिला होता. त्यानंतर लग्न-घटस्फोट त्यांच्याकडे आणि पैशाचे तंटे खासगी बेथ दीनकडे जाऊ लागले; खासगी बेथ दीनमध्ये 1968च्या लवाद कायद्याखाली सही केली की निकाल बंधनकारक होतो. सही करण्यापूर्वी हिब्रू नीट वाचणारा कोणी बरोबर न्या. आणि घरात मारहाण होत असेल, मुलांना धोका असेल, तर तो पैशाचा तंटा नव्हे. तिथे कोणाच्या हेतेरची वाट बघायची नाही, पोलिसांकडे जायचं.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, की समाजातले लोक म्हणतात, रब्बींच्या न्यायावर शंका घेणं आपल्याला शोभत नाही. त्यांना 1962 आठवत नसेल. इस्राएलच्या तेव्हाच्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं बेने इस्राएलांच्या लग्नाआधी वंशावळ तपासायचा आदेश काढला होता. आपल्या माणसांनी तोरा सोडली नाही आणि गप्पही बसले नाहीत. 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं (इस्राएलच्या संसदेनं) आपण सर्वार्थानं यहुदी असल्याचा ठराव केला, आणि आदेशातून आपलं नाव गेलं. नियम मानूनही न्याय मागता येतो, याला एवढा एक दाखला पुरे.

या आठवड्यात दोन पत्रं लिहा. एक दादांना, धाकट्याला प्रत ठेवून: मी बेथ दीनला तयार आहे, माझ्या बाजूनं अमुक यांचं नाव देते, तू तुझं नाव महिन्याभरात कळव, लवादनामा भारतातला, ‘न्यायानं किंवा तडजोडीनं’, तोवर विक्रीची बोलणी थांबव. दुसरं पत्र तुमच्या रब्बींना, पहिल्याची प्रत जोडून: उत्तर आलं नाही तर बोलावणं कसं काढायचं, आणि त्यालाही दाद मिळाली नाही तर हेतेर कोणाकडून घ्यायचा. दोन्ही पोचपावती मिळेल अशा पोस्टानं पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. पावत्या सातबाऱ्याच्याच फायलीत लावा.